आजारी पडायची मुभा

१९४४ साली, बंगालचा दुष्काळ नुकता कुठे ओसरत असताना, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात एक आरोग्य पाहणी झाली. जोडीदार वारलेल्या पुरुषांना आणि बायकांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. असं म्हणणाऱ्या विधवा निघाल्या २.५ टक्के. नुसता 'यथातथा' हा रकाना पाहिला तर विधुर ४५.६ टक्के, विधवा शून्य. एकही नाही.

अमर्त्य सेन यांनी ही आकडेवारी पुढे आपल्या लेखनात आणली म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. त्या काळच्या विधवेचं घरातलं स्थान काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुष्काळात तर तिच्या वाट्याला काय उरलं असेल? तरीही कागदावर बघावं तर ती ठणठणीत.

मला या तक्त्यातला तो शून्य फार बोलका वाटतो. ताप आहे, जखम आहे, उठवत नाही, यावरून माणूस आजारी आहे हे कळतं. निदान घरच्यांना तरी कळतं. 'यथातथा' म्हणायला मात्र आणखी काहीतरी लागतं. आपली तब्येत याहून बरी असायला हवी होती, हे बोललो तर कुणीतरी ऐकून घेईल आणि ऐकणारा हसणार नाही, असं मनात कुठेतरी असावं लागतं. विधुरांच्या मनात ते होतं. तो रकाना आपल्यासाठीही आहे, हे त्या बायकांना वाटलंच नसावं.

आरोग्याविषयीच्या समजुतींवर बोलायचं झालं की गाडी हटकून श्रद्धा-अंधश्रद्धेच्या रुळावर जाते. कोण कशावर विश्वास ठेवतो, कुणाच्या डोक्यात काय भरलंय, त्यांचं प्रबोधन कसं करायचं. या प्रश्नांना माझी ना नाही. पण त्याआधीचा प्रश्न असा, की आजारी पडायची मुभा कुणाला आहे? शरीराची कुरकुर सगळ्यांचीच चालू असते. तिला 'दुखणं' हे नाव द्यायचं की 'असायचंच' म्हणून सोडून द्यायचं, याचा निकाल शरीर लावत नाही. तो घरातल्या, कामावरच्या आणि समाजातल्या जागेवरून लागतो. आपण ज्याला मोठ्या अदबीनं 'त्यांची संस्कृती' म्हणतो तिचा बराचसा भाग या निकालांच्या थरांनीच बनलेला असतो.

'दुखणं अंगावर काढणं' असा एक शब्दप्रयोग आपल्याकडे आहे. डॉक्टर तो चिडून वापरतात: "इतके दिवस अंगावर का काढलंत?" माणूस गेल्यावर घरचे तोच कौतुकानं वापरतात: "तिनं कधी कुणाला कळूसुद्धा दिलं नाही, सगळं अंगावर काढलं." एकात राग आहे, दुसऱ्यात गौरव आहे. अंगावर न काढायचा पर्याय त्या बाईजवळ होता, हे मात्र दोघांनीही धरून चाललेलं असतं.

तो पर्याय किती जणांकडे असतो, हे अर्ल कूस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९५४ साली दाखवून दिलं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावातल्या पाचशेच्या वर कुटुंबांशी तो बोलला होता. त्याच्याजवळ लक्षणांची एक यादी असे. भूक न लागणं, सततची पाठदुखी, लघवीतून रक्त, छातीत दुखणं वगैरे. यातलं काय झालं तर डॉक्टरकडे जायला हवं, एवढाच प्रश्न. सततच्या पाठदुखीसाठी जायला हवं, असं वरच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितलं. खालच्या वर्गात हे म्हणणारे पाचात एकही भरत नव्हते. पाठ तीच. उलट ओझी उचलणारी पाठ खालच्या वर्गाचीच जास्त.

त्या गावातल्या एका गरीब बाईचं बोलणं कूसनं नोंदवून ठेवलं आहे. ती म्हणाली त्याचा आशय असा: तुम्ही आजारी-आजारी म्हणता ते म्हणजे नक्की काय, ते मला कळलं तर बरं होईल. कधीकधी इतकं होतं की पडून मरून जावंसं वाटतं, पण पोरांचं बघायला हवं आणि डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत, तर मी आजारी पडणार कशी? काही लोक कशानंही, केव्हाही अंथरूण धरू शकतात. आमच्यासारख्यांना गरज असली तरी आजारी पडता येत नाही.

'पडता येत नाही' हे नीट वाचायला हवं. तिला दुखत होतं, दुखतंय हे तिला कळतही होतं. तिचं अज्ञान कुठेच नाही. पण आजारपण हा एक सामाजिक व्यवहार आहे आणि त्या व्यवहारात टाकायला तिच्याकडे भांडवल नव्हतं. टॅल्कॉट पार्सन्स या समाजशास्त्रज्ञानं त्याच सुमारास, १९५१ मध्ये, आजारी माणसाच्या भूमिकेची जी मांडणी केली तीत त्याला दोन सवलती होत्या नि दोन अटी होत्या. नेहमीच्या कामातून सुटका आणि आजाराचा दोष त्याच्या माथी न मारणं, या सवलती. बरं व्हायची इच्छा ठेवणं आणि जाणकाराकडे जाणं, या अटी. मांडणी मोठी सुबक आहे. फक्त ती पगारी रजा असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखी वाटते. ज्याचा रोज बुडला की घरात काही येत नाही, त्याची कामातून सुटका करणार कोण? अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही खासगी नोकरदारांना आजारपणाची पगारी रजा मिळालीच पाहिजे असा देशव्यापी कायदा आजही नाही. तिथला एखादा कामगार ताप अंगात घेऊन कामावर जात असेल, तर ते 'कष्टाळू संस्कृती'चं लक्षण म्हणायचं की कायद्यातल्या भोकाचं?

मुभा नसलेली माणसं हळूहळू दुखण्याला दुखणं म्हणेनाशी होतात. इथे परिस्थितीची संस्कृती होते. याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण बिल्हार्झिया या रोगाचं आहे. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरनं १८५१ साली कैरोत या रोगाचा कृमी शोधून काढला, म्हणून हे नाव. कालव्यातल्या, तळ्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडलेल्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. त्यातल्या एका जातीचे कृमी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये अंडी घालतात आणि लघवीतून रक्त जायला लागतं. पाण्यात डुंबणारे सगळ्यांत जास्त कोण, तर मुलगे. मग ज्या भागांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या मुरला होता तिथे मुलग्यांची लाल लघवी ही वयात येण्याची खूण मानली जाऊ लागली. मुलींना पाळी येते, मुलग्यांना हे होतं. शेजारच्या, पाजारच्या, सगळ्याच मुलग्यांना होतं आणि त्यावर कुणीच काही करत नाही, तर त्याला रोग म्हणणार तरी कसं? समजूत चुकीची होती, पण मूर्खपणाची नव्हती. समोर दिसत होतं त्यावरून काढलेला तो साधा निष्कर्ष होता.

या मुलग्यांची गोष्ट ऐकून हसणाऱ्यानं पाळीच्या दुखण्याकडे जरा बघावं. एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालं गर्भाशयाबाहेर वाढणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे. निदान व्हायला सर्रास काही वर्षं जातात, आणि हे अद्ययावत यंत्रणा असलेल्या देशांतसुद्धा. कारण मुलगी विव्हळली की आधी आई सांगते, सगळ्यांनाच होतं. मग शाळा तेच सांगते, आणि शेवटी डॉक्टरही. रक्तक्षयाचंही तेच. जगभरातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण ३० टक्के बायकांना तो आहे; घरात तिघी असतील तर त्यातल्या एकीला. थकवा हा जिथे बाईचा स्वभाव समजला जातो तिथे त्याची तपासणी करायचं कुणाच्या डोक्यात येणार?

आता याची दुसरी बाजू. केरळ हे भारतातलं दीर्घायुष्याच्या बाबतीत आघाडीवरचं राज्य. तरीही सेन यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की 'मी आजारी आहे' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण राज्यांमध्ये सर्वाधिक होतं ते केरळमध्येच. बिहारमध्ये आयुर्मान कमी, दवाखाने तोकडे, आणि आजारी असल्याचं सांगणारेही सगळ्यांत कमी. अमेरिकेतले लोक तर केरळच्याही पुढे. नुसतं लोकांच्या सांगण्यावर विसंबून तक्ता केला असता तर बिहार निरोगी आणि अमेरिका खाटेवर, असा निघाला असता. शिक्षण वाढलं, दवाखाना जवळ आला, डॉक्टर ऐकून घेऊ लागला की माणसाला आपलं दुखणं सापडायला लागतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. 'तुमची तब्येत एकंदरीत कशी आहे?' हा साधा प्रश्न बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी या संशोधकांनी १९९७ मध्ये असे २७ अभ्यास तपासले. तब्येत वाईट आहे म्हणणारे लोक पुढच्या काळात जास्त संख्येनं दगावतात, हे त्यातल्या बहुतेकांमध्ये दिसलं, तपासणीतून कळणाऱ्या इतर गोष्टी जमेस धरूनसुद्धा. म्हणजे माणसाला आपल्या शरीरातलं बरंच कळतं. मला हे मान्य आहे. पण एकाच वस्तीतल्या, एकाच पातळीवरच्या दोघांची तुलना करताना जो काटा चालतो, तो दोन वेगळ्या जगांतल्या माणसांना लावला की फसतो, कारण दोघांची मोजणी जिथून सुरू होते तो शून्यच वेगवेगळ्या ठिकाणी आहे. सिंगूरच्या विधवेचा शून्य आणि विधुराचा शून्य एक नव्हता.

मुभा मिळाली तरी दुखणं कोणत्या शब्दांत मांडायचं, हे मात्र पुष्कळदा संस्कृतीच हाती देते. इथे संस्कृतीचं खरं काम दिसतं. आर्थर क्लाइनमन या मनोचिकित्सकानं १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात 'न्यूरॅस्थेनिया'च्या, म्हणजे मज्जातंतूंच्या थकव्याच्या, १०० रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. डोकं दुखतं, झोप नाही, अशक्तपणा, चक्कर, अशा तक्रारी. नीट विचारपूस केल्यावर त्यांतल्या ८७ जणांना तीव्र नैराश्य असल्याचं त्याला आढळलं. मग ते स्वतः तसं का म्हणत नव्हते? चिनी माणूस भावना बोलून दाखवत नाही, हे सोपं उत्तर झालं. पण माओची सांस्कृतिक क्रांती संपून तेव्हा चारच वर्षं झाली होती. त्या दहा वर्षांत 'मला उदास वाटतं, कशात अर्थ वाटत नाही' असं म्हणणं म्हणजे राजकीय विचारात खोट असल्याची कबुली. डोकेदुखीला असला काही पक्ष नसतो. मान, डोकं, झोप यांची तक्रार सुरक्षित होती, ती केली की कामातून थोडी सवलत मिळायची, आणि ऐकणाराही तीच समजून घ्यायचा. या रोगाचं नावही मुळात चिनी नाही, हे यातलं गमतीचं. जॉर्ज बिअर्ड या अमेरिकी डॉक्टरनं १८६९ मध्ये ते रूढ केलं, आणि तिथे ते फार मेंदू चालवणाऱ्या सुशिक्षितांचं प्रतिष्ठित दुखणं होतं. एकाच लेबलाखाली एकीकडे मिरवायचं, दुसरीकडे लपायचं.

टान्या लुरमन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा अभ्यासही याच वाटेवरचा. कॅलिफोर्नियातलं सान मतेओ, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथले, कानात आवाज येणारे प्रत्येकी २० मनोरुग्ण. अमेरिकेतल्यांना येणारे आवाज बहुतांशी अनोळखी, मारझोडीचे, भीतिदायक. चेन्नईत अनेकांना येणारे आवाज नातेवाइकांचे होते; ते रागावायचे, पण कामंही सांगायचे. अक्रात बऱ्याच जणांशी देव बोलत होता. रोग एकच असला तरी त्याच्याशी राहण्याची रीत तीन ठिकाणी तीन तऱ्हांची.

मात्र इथूनच एक घसरगुंडी सुरू होते. मार्क झ्बोरोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयातल्या माजी सैनिकांचं निरीक्षण करून लिहिलं की इटालियन वंशाच्या रुग्णाला दुखणं आत्ता थांबायला हवं असतं आणि ते थांबलं की तो खूश होतो; ज्यू रुग्णाला या दुखण्याचा पुढे काय अर्थ निघतो याची चिंता असते; आणि जुन्या अमेरिकी घराण्यांतला रुग्ण आपल्या वेदनेचं वर्णन अलिप्तपणे, अहवाल दिल्यासारखं करतो. निरीक्षण बारीक होतं. पण अशा निरीक्षणांचं पाठ्यपुस्तकात शिरून काय होतं ते २०१७ मध्ये दिसलं. 'अमुक वंशाचे लोक वेदनेला असा प्रतिसाद देतात' असा तक्ता नर्सिंगच्या एका पुस्तकात छापला गेला होता. गदारोळ झाल्यावर प्रकाशकाला माफी मागून तो मागे घ्यावा लागला. आधीच्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं होतं की गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी जवळपास निम्म्यांचा, कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यासारख्या किमान एका खोट्या गोष्टीवर विश्वास होता. अशा समजुती असणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली. अंधश्रद्धा म्हटली की डोळ्यांसमोर दवाखान्याबाहेरची रांग येते. टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांचीही ती असते, फक्त तिच्यावर पदवीचा शिक्का असतो.

त्यातलं अव्वल उदाहरण व्हिएन्नाचं. तिथल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायकांचं प्रमाण कितीतरी जास्त. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात भरती करायचं हे आलटूनपालटून ठरलेलं असे, आणि शहरातल्या गरीब बायकांना ते पाठ होतं. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवायच्या. काही जणी तर रस्त्यातच बाळंत व्हायच्या आणि वाटेत झालं म्हणून सांगायच्या. गंमत म्हणजे त्यांना ज्वर क्वचितच यायचा. इग्नाझ सेमेलवाइस या तिथल्याच डॉक्टरनं हे सगळं टिपून ठेवलं आहे. शवविच्छेदनाच्या खोलीतून डॉक्टर सरळ प्रसूतीच्या खोलीत येत होते, हे त्याच्या १८४७ मध्ये ध्यानात आलं. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायची सक्ती त्यानं मे महिन्यात केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला.

आणि डॉक्टरांनी काय केलं? बहुतेकांनी नाकं मुरडली. यात शास्त्रीय शंकेचा भाग होता, कारण जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता. पण मानाचाही होता. आपण बरं करायला आलो, आपल्याच हातांनी मारलं कसं? डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात, अशा अर्थाचं फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मेग्ज या प्राध्यापकांचं विधान प्रसिद्ध आहे. या प्रकरणात 'आरोग्याविषयीच्या सांस्कृतिक समजुती' नेमक्या कुणाच्या होत्या? रस्त्यात बाळंत होणाऱ्या अडाणी बायकांकडे आकडे नव्हते, पण त्यांचा अंदाज बरोबर होता. चुकत होती ती प्राध्यापक मंडळी.

रोग कशाला म्हणायचं हे ठरवणारी खुर्चीही हवेत नसते. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या लुइझियानातल्या डॉक्टरनं मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रॅपेटोमेनिया' हा मानसिक रोग होतो असं गंभीरपणे लिहिलं. समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढायला अमेरिकी मनोचिकित्सकांच्या संघटनेनं १९७३ साल उजाडू दिलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०. पळण्याची इच्छा होणाऱ्याला रोगी ठरवायचं आणि पाठ मोडलेल्याला धडधाकट, हे दोन्ही एकाच खुर्चीवरून होतं.

म्हणून 'लोकांची संस्कृती आड येते' हे वाक्य ऐकलं की मी कान टवकारतो. ते कधीकधी खरं असतं. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मृताला आंघोळ घालून, स्पर्श करून निरोप द्यायच्या रिवाजातून लागण होत होती, यात वाद नाही. सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली पथकं यायची, प्रेत पिशवीत घालून न्यायची, घरच्यांना जागाही कळायची नाही. लायबेरियात तर दहनाचा हुकूम निघाला. लोकांनी प्रेतं लपवायला सुरुवात केली, आजारी माणसंही लपवली. त्याच वर्षाअखेर जागतिक आरोग्य संघटनेनं नवी पद्धत घालून दिली. कुटुंबाला विचारायचं, प्रार्थनेला वेळ द्यायचा, कफन चालू द्यायचं, कबर कुठे आहे ते दाखवायचं. स्पर्श तेवढा नाही. संस्कृती तीच राहिली. तिच्याशी बोलणारी माणसं बदलली.

या सगळ्याला मी एवढं महत्त्व का देतो? कारण सेवांची आखणी मागणी बघून होते. जिथे रांग लागते तिथे डॉक्टर जातो, जिथे तक्रार येते तिथे पैसा जातो. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट्या प्रमाणात मिळते, आणि जिथे बाजाराचा जोर जास्त तिथे हे जास्तच. आता तर हा उफराटा न्याय संगणकालाही शिकवला गेला आहे. कोणत्या रुग्णाकडे जादा लक्ष द्यायला हवं हे ठरवणारी, अमेरिकेत लाखो लोकांसाठी वापरली जाणारी एक प्रणाली २०१९ मध्ये संशोधकांनी उघडून पाहिली. आजार किती आहे याऐवजी आजवर उपचारांवर खर्च किती झाला, हे ती मोजत होती. ज्यांच्यावर खर्च कमी झाला ते तिच्या लेखी धट्टेकट्टे. कृष्णवर्णीय रुग्ण तितकेच किंवा जास्त आजारी असूनही मागे पडत होते. हा दोष काढला तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा हिशेब निघाला. प्रणालीत कुणी द्वेष भरला नव्हता. अंगावर काढणाऱ्याला निरोगी समजायची आपली जुनी सवय तेवढी तिच्यात उतरली होती.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्यांनी ऊठसूट डॉक्टर गाठायचा का? आधीच दर किरकोळ गोष्टीची गोळी झाली आहे, दर उदास संध्याकाळीचं निदान झालं आहे. या तक्रारीत तथ्य आहे आणि ती बहुधा खाऊनपिऊन सुखी माणसं करतात, यातही तथ्य आहे. मुभा एका बाजूला उतू चालली आहे आणि दुसऱ्या बाजूला थेंब नाही. सरासरी काढून 'लोक हल्ली फार कुरकुरतात' म्हणणं म्हणजे दोन घरांच्या मध्ये उभं राहून पाऊस मोजणं. शिवाय फाजील उपचार आवरायचे असतील तर ते डॉक्टरांच्या आणि औषध विकणाऱ्यांच्या बाजूनं आवरावे लागतील. दुखणाऱ्याला गप्प बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मग करायचं काय? काही गोष्टी अगदी साध्या आहेत. दवाखाना कामाच्या वेळेत उघडून कामाच्याच वेळेत बंद होत असेल, तर तो फक्त रजा असलेल्यांसाठी आहे. आजारपणाची रजा हा कामगार खात्याचा विषय मानला जातो, तो आरोग्य खात्याचा असायला हवा. रक्तक्षय, रक्तदाब, नजर यांसारख्या गोष्टी विचारू नयेत, दारात जाऊन मोजाव्यात. आणि विचारायचंच असेल तर कसं विचारायचं, हेही शिकता येतं. अपंगत्वाची मोजणी करणाऱ्यांनी ते शिकून घेतलं. 'तुमच्या घरी कुणी अपंग आहे का?' या प्रश्नाला बहुतेक घरं 'नाही' म्हणतात. त्या शब्दाला लाज चिकटलेली असते, आणि म्हातारीला दिसत नाही हे कुणाला अपंगत्व वाटतही नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ मध्ये नेमलेल्या वॉशिंग्टन गटानं सहा प्रश्नांचा एक संच तयार केला. अपंग हा शब्दच त्यात नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? चालायला, जिना चढायला त्रास होतो का? थोडा, बराच, की जमतच नाही? शब्द बदलला की संख्या बदलते, कधीकधी काही पटींनी.

असा प्रश्न कूसच्या त्या बाईला विचारला असता तर? आजारी आहेस का, असं नाही. गेल्या महिन्यात कोणतं काम करताना मध्येच बसावं लागलं, रात्री कितीदा जाग आली, काय उचलेनासं झालं. याची उत्तरं तिच्याकडे होती. तिनं त्यातली काही न विचारता दिलीही.

या वाटेनं गेलं तर एक गोष्ट नक्की होणार, आणि तिची तयारी आधीच ठेवावी. आकडे वाढतील. संध्याकाळचा दवाखाना सुरू झाला की पहिल्याच वर्षी तिथली 'रोगराई' वाढलेली दिसेल. रजा दिली की आजारी पडणाऱ्यांची संख्या वाढेल, विचारायची पद्धत बदलली की 'यथातथा'चा रकाना भरू लागेल. मग बातमी येईल, एवढा खर्च करून तब्येती बिघडल्याच कशा? सभागृहात कुणीतरी कागद फडकवून तेच विचारील. त्या दिवशी उत्तर द्यायला उभा राहणाऱ्यानं खिशात सिंगूरचा तक्ता ठेवावा.